सीटीत 'मोंडिनी' आलंय: झोपाळ्यावरून पडल्यावर ऐकू येईनासं झालेल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. जन्मल्यावर ओएई, म्हणजे बाळाच्या कानाची पहिली तपासणी, पास होती. दीड वर्षाचा असताना आई, बाबा, पाणी, भूभू असे आठ-दहा शब्द बोलायचा. दोन महिन्यांपूर्वी झोपाळ्यावरून पडला, टेंगूळ आलं, उलटी झाली म्हणून त्याच रात्री डोक्याचा सीटी केला तो नॉर्मल, पण त्यानंतर हाक मारली तर बघेना आणि आहेत ते शब्दही कमी झाले. बेरात, म्हणजे आवाज दिल्यावर मेंदूकडे लहर पोहोचते का हे बघणाऱ्या तपासणीत, उजवीकडे ८० डेसिबलला वेव्ह आली, डावीकडे ९० लाही काही नाही. मग कानाचा सीटी, त्यात 'दोन्ही बाजूंना मोंडिनी, व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट रुंद'. मोंडिनी म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा शंख जन्मतः अपुरा घडलेला, आणि तो अ‍ॅक्विडक्ट म्हणजे आतल्या कानातून मेंदूच्या बाजूला जाणारी हाडातली बारीक नळी. आणि तुमचे प्रश्न असे की हे पडल्यामुळे झालं का, पहिला सीटी नॉर्मल होता तर दुसऱ्यात हे कुठून आलं, आता परत झोपवून एमआरआय करायलाच हवा का, आणि सासूबाई म्हणतात गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, त्याचं हे.

ग्रहणाचं आधी मिटवू. आतला कान गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या ते आठव्या-नवव्या आठवड्यात घडतो. चौथ्या आठवड्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीकशी थैली तयार होते, तिलाच पुढे वेढे फुटतात, नलिका फुटतात, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत शंखाचे अडीच वेढे पूर्ण. बऱ्याच जणींना तोवर आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं. त्यामुळे सातव्या महिन्यातलं ग्रहण, आठव्या महिन्यातला ताप, नवव्या महिन्यातला एसटीचा प्रवास, यातल्या कशानेही शंखाचा आकार बदलत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर बहुतेक जीनचा भाग निघेल आणि तसं निघालं तर अर्धा हिस्सा मिस्टरांकडून आलेला असेल. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पडण्याचं उत्तर मात्र हो आणि नाही असं दोन्ही आहे. आकार जन्मापासूनच तसा होता. पण ज्यांचा हा अ‍ॅक्विडक्ट रुंद असतो त्यांचं ऐकणं पायऱ्या उतरल्यासारखं उतरतं, मधेच एकदम खाली येतं, कधी थोडं परत चढतं, आणि ती पायरी उतरायला कधी साधं टेंगूळ पुरतं, कधी सर्दी-ताप, तर कधी काहीच कारण सापडत नाही. म्हणून जन्मल्यावर ओएई पास झाली यातही कोणाची चूक नाही, त्या दिवशी खरंच ऐकू येत असणार, नाहीतर पाणी नि भूभू कुठून शिकला असता.

आता दोन सीटींचं. हा प्रश्न मला ओपीडीत सारखा येतो आणि दर वेळी आईवडिलांना वाटतं की पहिल्या डॉक्टरांनी चुकीचं वाचलं. तसं नसतं हो. पडल्यावर जो सीटी करतात तो मेंदूचा, रक्तस्राव आहे का बघायला, त्याचे काप बहुतेकदा ५ मिलिमीटर जाडीचे. आणि अख्खा कॉक्लिया म्हणजे तो शंख असतो वाटाण्याएवढा, उंची जेमतेम ५ मिलिमीटर. म्हणजे सगळा शंख एका कापात संपला. पावाचे जाड तुकडे करून आतला बेदाणा शोधायचा प्रकार आहे तो. कानाचा सीटी म्हणजे एचआरसीटी टेम्पोरल बोन, त्यात काप अर्धा-पाऊण मिलिमीटरचे आणि हाड ठळक दिसेल अशा सेटिंगवर बघायचे, तेव्हा कुठे वेढे मोजता येतात.

पण दुसऱ्या रिपोर्टमधल्या 'मोंडिनी' या शब्दावर माझा राग आहे. कार्लो मोंडिनी हे इटलीत बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ. जन्मतः बहिरा असलेला ८ वर्षांचा एक मुलगा गाडीखाली सापडला, पाय सडून वारला, त्याच्या कानाचं हाड यांनी उघडून बघितलं आणि १७९१ मध्ये लॅटिनमध्ये लिहून ठेवलं की शंखाचे अडीचऐवजी दीडच वेढे आहेत, शंखाला लागून असलेली मधली पोकळी मोठी आहे आणि अ‍ॅक्विडक्ट फुगलेला आहे. तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर ते मोंडिनी. नंतर झालं काय, की शंख जरा वेगळा दिसला की लिहा मोंडिनी असं सुरू झालं, आणि अजूनही चालू आहे. १९८७ मध्ये जॅकलर आणि सहकाऱ्यांनी कितव्या आठवड्यात वाढ थांबली यावरून गट पाडले, मग २००२ मध्ये तुर्कस्तानातल्या अंकाऱ्याचे सेनारोग्लू आणि साचि यांनी ते आणखी नीट केले. आता आम्ही इन्कम्प्लीट पार्टिशन, म्हणजे शंखाच्या आतले पडदे अपुरे, टाइप १, २, ३ असं म्हणतो. खरं मोंडिनी म्हणजे टाइप २. टाइप १ हा वेगळाच प्राणी आहे, त्याच्यावर खाली लिहिते, आणि एखाद्या रिपोर्टात दोन्हींना मोंडिनीच लिहिलेलं असतं. एकात कानाच्या मशीनवर बोलणारं मूल असतं आणि दुसऱ्यात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या संसर्गाची टांगती तलवार, म्हणून शब्दावर जाऊ नका, सीडी आणा.

सीडी मी कशी बघते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही कोणी दाखवलं तर कळेल. वरून खाली जायचं. आधी तोल सांभाळणाऱ्या तीन नलिकांपैकी वरची अर्धवर्तुळाकार नलिका दिसते, मग आडवी नलिका, ती अंगठीसारखी आणि अंगठीच्या मधे हाडाचा पांढरा ठिपका. हा ठिपका बारीक असेल किंवा नसेलच तर नलिकेची घडण बिघडलेली आहे. तीन नलिकांमधे ही सगळ्यात शेवटी बनते म्हणून बिघडते पण हीच जास्त. मग अजून खाली शंख. सगळ्यात खालचा वेढा टाइप २ मधे अगदी व्यवस्थित असतो आणि घाईत बघणारा इथेच फसतो, खालचा वेढा छान दिसला की पुढे जातो. त्याच्या वरच्या कापात मधल्या आणि शेंड्याच्या वेढ्यात एक खाच दिसायला हवी, आत हाडाचा पडदा आणि मधे खांब, वाड्यातल्या गोल जिन्याला मधे खांब असतो ना तसा. टाइप २ मधे खाच नसते, पडदा नसतो, शेंडा गुळगुळीत गोल, टोपी घातल्यासारखा. टाइप १ मधे तर आतून सगळा शंखच रिकामा, खांब नाही, पडदा नाही, आणि त्याला चिकटून फुगलेली पोकळी, याला इंग्रजी 8 च्या आकड्यासारखं म्हणतात.

शेवटी अ‍ॅक्विडक्ट. हा पोकळीच्या मागून निघून लहान मेंदूच्या बाजूला उघडतो. नॉर्मल माणसात केसाएवढा, कधी दिसतही नाही. तुमच्या मुलात नरसाळ्यासारखा दिसणार. माझी गावठी मोजपट्टी अशी की शेजारीच मागची अर्धवर्तुळाकार नलिका असते, तिच्यापेक्षा अ‍ॅक्विडक्ट जाड दिसला तर तो रुंद. आकड्यात बोलायचं तर १९७८ मध्ये वाल्वासोरी आणि क्लेमिस यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं तेव्हा मध्यावर १.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे रुंद असं ठरवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लोकांनी ते मध्यावर १ आणि तोंडाशी २ मिलिमीटर असं खाली आणलं. त्यामुळे १.२ भरला तर एक रेडिओलॉजिस्ट नॉर्मल लिहील, दुसरा रुंद लिहील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. रिपोर्टमधे आकडा लिहून मागा. हक्काने मागा.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातून मी हे शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला ६ वर्षांची एक मुलगी आली होती. ऑडिओग्राममधे, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, जाड आवाजांना, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झला, हवेतून आणि हाडातून ऐकण्यात चांगलाच गॅप. गॅप म्हटला की मधल्या कानाचा दोष असंच आम्ही शिकलेलो. पडदा स्वच्छ, टिम्पॅनोग्राम म्हणजे पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी नॉर्मल, तरी मला वाटलं शाळेत शिकतो ती हातोडी, ऐरण, रिकीब यातलं काहीतरी जखडलं असेल, आणि मी कान उघडला. सगळी हाडं मस्त हलत होती. मग सीटी केला, तर अ‍ॅक्विडक्ट हा एवढा. तो रुंद असला की आतल्या कानाला एक जादा खिडकी मिळते आणि जाड आवाज हाडातून उगाच जास्त ऐकू येतात, म्हणून गॅप खोटा. नशिबाने त्या मुलीचं काही बिघडलं नाही. तेव्हापासून गॅप आहे पण टिम्पॅनोग्राम नॉर्मल आणि मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आकसतो तो रिफ्लेक्स येतोय, असं लहान मूल आलं की सीटीशिवाय हात लावत नाही. टाइप ३ मधे तर रिकिबीला हात लावला की आतलं पाणी कारंज्यासारखं वर येतं. तो एक्स क्रोमोसोमवरचा प्रकार आहे, जीन पीओयू३एफ४, मुलग्यांमधे दिसतो, मामाला आणि भाच्याला दोघांना असतो असंही बघितलंय.

बेराचं थोडं. तुमच्याकडे जो झालाय तो क्लिक बेरा असणार, तो मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचं सांगतो. डावीकडे ९० ला काही नाही म्हणजे डावा कान मेला असं नाही. या मुलांत जाड आवाजांचं ऐकणं बरेचदा शिल्लक असतं. म्हणून जाड-बारीक आवाजांचं वेगवेगळं सांगणारा टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर करून घ्या आणि त्याआधी टिम्पॅनोग्राम, सर्दीचं पाणी कानात असेल तर २०-३० डेसिबल फुकट जास्त दिसतात. आणि घरची परीक्षा म्हणून ताट आपटणं, ढोल वाजवणं बंद करा, ढोल छातीलाही ऐकू येतो. पाठीमागून हळू आवाजात नाव घ्या आणि काय होतं ते तारखेसकट वहीत लिहा. या आजारात त्या वहीची किंमत माझ्या एका बेराएवढी आहे, कारण ऐकणं वरखाली होतं आणि मला दिसतो फक्त एक दिवस.

एमआरआय. माझं मत सरळ सांगते, कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शंखात तार घालून थेट नसेला निरोप देणाऱ्या यंत्राचा विचार सुरू झाला की करायचाच, त्याआधी घाई नाही. सीटी हाड दाखवतो, नस दाखवत नाही. शंखातून मेंदूकडे जाणारी नस आहे का, किती जाड आहे, हे फक्त एमआरआयला दिसतं. आडवा छेद घेतला की कानाच्या आतल्या बोगद्यात चार ठिपके दिसतात, पुढच्या बाजूला वर चेहऱ्याची नस आणि खाली ऐकण्याची, मागे दोन तोल सांभाळणाऱ्या. रेडिओलॉजीची पोरं पाठ करतात, सेव्हन-अप वर, कोक खाली, सातवी नस वर आणि कॉक्लियाची खाली. तो खालचा ठिपका नसला तर कितीही महागडं इम्प्लांट घाला, तार शंखात बसेल पण पुढे निरोप न्यायला कोणी नाही. अशा मुलांत कधी कधी ओएई पास येते, कारण ओएई शंखातल्या केसपेशींना विचारते, नसेला नाही! म्हणून ओएई पास पण मूल ऐकत नाही असं आईने सांगितलं की मी आईचं धरते. तुमच्या मुलात वेव्ह आलेली आहे, टाइप २ मधे नस बहुतेकदा असतेच, त्यामुळे काळजी कमी. पण करताना चिठ्ठीवर नुसतं एमआरआय ब्रेन नको, टेम्पोरल बोनचा बारीक कापांचा ३डी टी२ आणि बोगद्याचे तिरके छेद असं लिहून घ्या, नाहीतर परत मुलाला झोपवायची वेळ येते. झोपेचं सिरप देऊन करतात, आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवलं तर काम सोपं होतं.

आणि हे तुमच्या मुलाला बहुतेक लागू नाही पण वाचणाऱ्या कोणाला लागू असेल. टाइप १ किंवा कॉमन कॅव्हिटी म्हणजे शंख आणि पोकळी मिळून एकच गोळा असेल, तर आतल्या कानाचं आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचं दार उघडं असू शकतं आणि रिकिबीच्या बुडाला भोक पडून ते पाणी मधल्या कानात, तिथून नाकात येतं. एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी, खाली वाकलं की टपटप, आणि वर्षानुवर्षं सर्दीची औषधं चालू. मग एक दिवस मेनिंजायटिस. बरा होतो, परत होतो. माझ्याकडे तीनदा मेनिंजायटिस होऊन गेलेला एक मुलगा आला होता, तिन्ही वेळा जीव वाचवला पण एका कानाने ऐकू येत नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. मेनिंजायटिस दुसऱ्यांदा झाला की कानाचा एचआरसीटी, यात वाद नको, आणि न्यूमोकॉकलची लस. भोक आहे तिथे ऑपरेशन करून बुजवता येतं.

ज्यांच्यात तिन्ही अर्धवर्तुळाकार नलिका नसतात ती मुलं मान उशिरा धरतात, चालायला दोन-दोन वर्षं घेतात आणि लोक म्हणतात मतिमंद आहे. नसतं तसं, तोल सांभाळायचं यंत्रच नाहीये. डोळ्यात फट, हृदयाचा दोष, नाकाचं मागचं दार बंद असं बरोबर असेल तर चार्ज सिंड्रोम बघायचा. आतला कानच मुळी बनलेला नाही अशा प्रकाराला मिशेल म्हणतात, तिथे इम्प्लांट चालत नाही. बाकी एक लक्षात ठेवा, जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्याच सीटीत काही दिसतं. उरलेल्यांत हाड एकदम छान, दोष आतल्या पडद्यांत आणि पेशींत. आपल्याकडे कॉनेक्सिन २६ नावाच्या जीनमुळे बहिरी असलेली बरीच मुलं याच गटातली. सीटी नॉर्मल म्हणजे कान नॉर्मल नाही.

जीनवर आलोच आहोत तर. दोन्ही बाजूंना रुंद अ‍ॅक्विडक्ट असला की पहिलं नाव एसएलसी२६ए४. याच जीनमुळे पेंड्रेड सिंड्रोम होतो, व्हॉन पेंड्रेड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये बहिरेपण आणि गलगंड असलेल्या दोन बहिणींबद्दल लिहिलं होतं, जीन सापडला १९९७ मध्ये. गलगंड सहसा मोठेपणी, वयात येताना दिसतो, म्हणून आत्ता गळा साधा आहे याचा काही उपयोग नाही, थायरॉइडची तपासणी वर्षाला एकदा करत राहा. मुलाचा जीन रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, दोन बिघाड सापडले, तर तुम्हा दोघांचंही रक्त तपासायचं, आणि दोघं वाहक निघालात तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ४ त १ अशी शक्यता असते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हे आधी करा, नंतर नाही. नात्यात लग्न असेल तर डॉक्टरांना लाजू नका, सांगून टाका.

आत्ता काय करायचं. दोन्ही कानांना मशीन, या आठवड्यात, रिपोर्टांची वाट न बघता, आणि स्पीच थेरपी. दर तीन महिन्यांनी ऑडिओग्राम. अचानक उतरलं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा, स्टेरॉइड आम्ही बरेच जण देतो, त्याचा पुरावा फार भक्कम नाही पण थोडे दिवस देऊन बघण्यात तोटा कमी. पूर्वी त्या अ‍ॅक्विडक्टच्या टोकाला असलेल्या थैलीचं ऑपरेशन करून बघितलं होतं लोकांनी, उलट असलेलं ऐकणं गेलं, तसं कोणी सुचवलं तर नमस्कार करून उठा. मशीनने बोलणं पुढे सरकेना तर कॉक्लियर इम्प्लांट, आणि चांगली गोष्ट ही की बिघडलेल्या कानांत टाइप २ चे निकाल सगळ्यात चांगल्यांत येतात, खालचा वेढा शाबूत असतो ना. ऑपरेशनच्या वेळी थोडं पाणी येतं, सर्जनला आधी माहीत असलं की झालं. पैशाचं म्हणाल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांट मिळतं, त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते, वयाची अट असते म्हणून अर्ज लांबवू नका. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी, म्हणजे मुलांतले दोष लवकर शोधून उपचाराला लावणारं केंद्र असतं, तिथून कागद पुढे सरकतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे.

खेळू द्या त्याला. उशीत गुंडाळून ठेवायची गरज नाही, डोक्याला मार न लागताही ऐकणं उतरलेली भरपूर मुलं बघितली आहेत. पण पुढे मोठा झाला की कुस्ती, बॉक्सिंग, दहीहंडीचे वरचे थर नकोत, सायकलला हेल्मेट, आणि मित्रांबरोबर मालवणला गेला तर बोटीत बसू दे, स्कूबाला नाही. झोपाळा लगेच काढून टाकू नका, खाली गादी घाला.

येताना फिल्म नको, सीडी आणा, दोन्ही सीटींच्या, आणि बेराचे ग्राफ असलेली पानं, नुसती शेवटची समरी नाही. आणि ती वही.